काडेपेटीएवढं इंजिन

पहिल्यांदा पाहणाऱ्याला ते इंजिन वाटतच नाही. वाटतं, कुणीतरी पत्र्याच्या ट्रंकेला चाकं लावली आहेत. धुराडं नाही, चकचकीत पितळी घुमट नाही, चाकांबरोबर नाचणारे दांडे नाहीत. दोन्ही टोकांना बिडाचे जाड ठोकळे, त्यांच्यामध्ये बाक घेऊन खाली झुकलेली चौकट, चौकटीवर एक पेटी आणि एका अंगाला ड्रायव्हरचं उघडं आसन. ड्रायव्हर बसतो तोही आडवा, टमटमच्या मागच्या बाकावर बसावं तसा. गाडी कुठल्याही दिशेला जाऊ दे, त्याने फक्त मान वळवायची. हे सगळं मिळून लांबीला जेमतेम चार सेंटिमीटर. शेजारी काडेपेटी ठेवली तर काडेपेटीच थोराड दिसते.

आणि ही ट्रंक चालते. नऊ मिलिमीटर अंतरावर बसवलेल्या रुळांवरून, सेकंदाला तीन-साडेतीन सेंटिमीटर अशा गोगलगायीच्या चालीने, मागे वाळूच्या चार-पाच चिमुकल्या वाघिणी ओढत ती टेबलाच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जाते. शाळेच्या सभागृहात भरलेलं प्रदर्शन असेल तर पोरं तिच्याकडे ढुंकून पाहत नाहीत. त्यांना पलीकडच्या टेबलावरची लांबलचक एक्स्प्रेस हवी असते. या टेबलाशी थांबलेले असतात ते पिकल्या केसांचे तीन-चार जण. चष्मा कपाळावर सारून, नाक रुळांना टेकेल इतके वाकून ते त्या ठोकळ्याच्या बोल्टांची डोकी मोजत असतात.

हे मॉडेल ‘सिम्प्लेक्स’चं. मोटर रेल नावाच्या इंग्लिश कारखान्याने पहिल्या महायुद्धात बनवलेलं, वीस अश्वशक्तीचं, अडीच टन वजनाचं इंजिन. त्याच्या 1:76 प्रमाणातल्या प्रतिकृती गेली कित्येक वर्षं घरोघरच्या टेबलांवर तयार होत आहेत. वाफेच्या इंजिनावर जीव टाकणारे उदंड. त्यांच्यासाठी ग्रंथ आहेत, चित्रं आहेत, कविता आहेत. डिझेल मात्र त्या सुंदरीच्या मुळावर उठलेली सवत. त्यातही नॅरोगेजवरचं ठेंगणं, कळकट डिझेल, जे आयुष्यभर विटा, वाळू, पीट, ऊस आणि दारूगोळा वाहत राहिलं, त्याचा तर कुणी नीट फोटोही काढला नाही. म्हणूनच त्याची प्रतिकृती करायला बसणाऱ्याला आधी इतिहासकार व्हावं लागतं. कानस नंतर हातात येते.

सिम्प्लेक्सची गोष्ट सुरू होते ती मुंबई इलाख्यात. तेव्हा सिंध मुंबई इलाख्याचा भाग होता आणि कराचीत ट्राम धावत होती. आधी वाफेची, मग घोड्यांची. 1910 च्या सुमारास घोडे काढून पेट्रोलवर चालणाऱ्या ट्राम आणायचं ठरलं, तेव्हा एक साधी पण चिवट अडचण उभी राहिली. मोटारगाडीला पुढे जायला दोन-तीन गिअर असतात आणि मागे यायला एकच, तोही रखडत चालणारा. ट्राम मात्र शेवटच्या थांब्यावरून तोंड न वळवता उलटी निघते. तिला दोन्ही दिशा सारख्याच. जॉन डिक्सन ॲबट या इंजिनीअरने यावर उपाय म्हणून अशी गिअरपेटी बनवली, की पुढे जितके वेग तितकेच मागे. या पेटीच्या जोरावर 1911 मध्ये इंग्लंडमधल्या लुईस गावात ‘मोटर रेल अँड ट्रॅम कार कंपनी’ उभी राहिली. 1916 मध्ये तिने बेडफर्डला बिऱ्हाड हलवलं. कराचीच्या ट्राम पुढे 1975 पर्यंत चालल्या. त्या शहरात वाढलेल्या मराठी कुटुंबांच्या जुन्या आठवणींत त्यांची घंटा सापडेल. गिअरपेटी मात्र तोवर भलतीकडेच पोचली होती.

1916 मध्ये फ्रान्समधल्या सोमच्या लढाईत ब्रिटिश सैन्याला उमगलं, की तोफगोळे बनवण्यापेक्षा ते तोफेपर्यंत नेणं अवघड आहे. मोठ्या रुळांची रेल्वे आघाडीपासून काही मैल मागे थांबायची. तिथून पुढे लॉऱ्या, खेचरं आणि माणसांच्या पाठी. लॉऱ्यांनी रस्त्यांचा चिखल केला, त्या चिखलात लॉऱ्याच रुतल्या. जर्मन आणि फ्रेंच सैन्यांकडे साठ सेंटिमीटर रुंदीच्या हलक्या रुळांची व्यवस्था आधीपासून होती. ब्रिटिशांनी ती वाहतूकप्रमुख एरिक गेडिस यांच्या आग्रहाने उशिरा, पण झपाट्याने उभारली. तयार जोडलेले रूळ शिडीसारखे उचलून आणायचे, चिखलावर टाकायचे, की झाला लोहमार्ग.

या मार्गावर वाफेचं इंजिन एका ठरावीक अंतरापर्यंतच जाऊ शके. दिवसा त्याचा धूर शत्रूला ठिकाण दाखवी, रात्री भट्टीचा उजेड. शेवटच्या टप्प्याला हवं होतं बिनधुराचं, बिनउजेडाचं, दोन्ही दिशांना सारखं पळणारं काहीतरी, कारण गोळे पडू लागले तर तोंड वळवायला वेळ कुठला? ॲबटची ट्रामपेटी तिथे चपखल बसली. वीस अश्वशक्तीचे सिम्प्लेक्स शेकड्यांनी गेले. पाठोपाठ सहा टनांचं, चाळीस अश्वशक्तीचं थोरलं भावंडही आलं. ते तीन अवतारांत मिळे: उघडं, दोन्ही टोकांना वाकडे पत्रे लावलेलं आणि सगळीकडून चिलखत चढवलेलं. चिलखती सिम्प्लेक्स पाहिलं की भेगांतून डोकावणाऱ्या, चाकं फुटलेल्या कोठीची आठवण होते. मॉडेलवाल्यांचा जीव त्याच्यावर जरा जास्तच, आणि त्याला एक बेरकी कारण आहे. चिलखताच्या आत मोटर लपवायला जागा मिळते!

इथे एक कबुली. ही युद्धकाळातली इंजिनं डिझेलची नव्हेत, पेट्रोलची. मोटर रेलच्या कारखान्यात डिझेल स्थिरावलं ते 1930 च्या दशकात, आणि जुन्या पेट्रोल इंजिनांपैकी कित्येकांच्या पेटीत पुढे डिझेल बसवलं गेलं. काटेकोर मंडळी ‘अंतर्ज्वलन’ हा जडजंबाल शब्द वापरतात. बाकीचे सरसकट ‘डिझेल’ म्हणून मोकळे होतात. हा लेख दुसऱ्या गटात मोडतो.

युद्ध संपलं आणि लष्कराने ही सगळी सामग्री भंगारभावात विकायला काढली. घेणारे टपलेलेच होते. लंडनच्या वायव्येला लेटन बझर्ड नावाचं गाव आहे, वाळूसाठी प्रसिद्ध. ओतकामाच्या साच्यांना लागणारी ती वाळू युद्धात लॉऱ्यांनी वाहिली गेली आणि सोमच्या रस्त्यांचं झालं तेच इथल्या रस्त्यांचं झालं. युद्धानंतर काउंटीने रस्ते दुरुस्तीचा खर्च नाकारल्यावर खाणमालकांनी लष्कराचे जुने रूळ आणि इंजिनं घेऊन 1919 मध्ये दोन फुटी रेल्वे टाकली. वाफेची दोन इंजिनं आणली होती, ती 1921 मध्ये विकून टाकली. मग जवळजवळ अर्धं शतक तिथे सिम्प्लेक्सचंच राज्य. बेडफर्डचा कारखाना शेजारीच असल्यामुळे सुटे भाग म्हणजे कोपऱ्यावरच्या दुकानातून मीठ आणल्यासारखं. वाळूची वाहतूक पुन्हा रस्त्यावर गेली तेव्हा, 1968 मध्ये, हौशी मंडळींनी रेल्वे हाती घेतली. आज ती स्वयंसेवकांच्या बळावर प्रवासी नेते.

सिम्प्लेक्सच्या या सासरी, लेटन बझर्डला, एक पाहुणी आहे. ऑरेनस्टाइन अँड कोपेल या जर्मन कारखान्यात 1907 मध्ये बनलेलं, सहा चाकांचं, वाफेचं इंजिन क्रमांक 740. ते आहे आपल्या माथेरानचं. आदमजी पीरभॉय यांच्या पैशावर आणि त्यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांच्या जिद्दीवर 1907 मध्ये सुरू झालेल्या नेरळ-माथेरान गाडीची अशी चार इंजिनं होती. माथेरानला डिझेल आल्यावर त्यांची सद्दी संपली. 741 दिल्लीच्या रेल्वे संग्रहालयात गेलं, तर 740 सातासमुद्रापार, आधी कॅनडा आणि मग इंग्लंड. डिझेलने घर सोडायला लावलं आणि आसरा मिळाला तो डिझेलांच्या गावात.

वेल्समधल्या फेस्टिनियोग रेल्वेची कथाही अशीच, फक्त तिथे डिझेलवाल्यांना मिरवायला एक तारीख आहे. ही दोन फुटी रेल्वे 1946 मध्ये बंद पडली. काही वर्षांनी उत्साही मंडळींनी ती हाती घेतली तेव्हा रुळांवर झुडपं उगवली होती आणि वाफेची नामवंत इंजिनं गंजत पडली होती. 23 जुलै 1955 रोजी पोर्टमडॉगहून बॉस्टन लॉजपर्यंत पुन्हा प्रवासी गाडी निघाली, ती ओढायला होतं 1920 च्या दशकात घेतलेलं युद्धातलं जुनं सिम्प्लेक्स. थोड्याच दिवसांत ‘प्रिन्स’ हे वाफेचं इंजिन दुरुस्त होऊन आलं आणि सगळे कॅमेरे तिकडे वळले. पुढे त्या सिम्प्लेक्सला ‘मेरी ॲन’ असं नाव मिळालं. फेस्टिनियोगचं मॉडेल करणारे सुरुवातीला ‘प्रिन्स’ करतात. ज्यांना 1955 चा जुलै नेमका पकडायचा असतो, ते ‘मेरी ॲन’ करतात.

आता थोडं गणित, कारण या छंदात सगळे तंटे गणितावरूनच होतात. दिवाळीच्या किल्ल्यावर मावळा दरवाज्यापेक्षा उंच असतो, तोफेशेजारची कोंबडी तोफेएवढी असते आणि कुणाचं काही बिघडत नाही. मॉडेल रेल्वेत मात्र प्रमाण म्हणजे धर्म. ब्रिटनमध्ये नॅरोगेजसाठी रुळलेलं प्रमाण 1:76. दोन फूट म्हणजे 610 मिलिमीटरचा मार्ग या प्रमाणात आठ मिलिमीटर व्हायला हवा. पण आठ मिलिमीटरचे रूळ आणि चाकं तयार मिळत नाहीत; नऊ मिलिमीटरची मिळतात, कारण ‘एन’ नावाच्या छोट्या स्टँडर्डगेज मॉडेलांसाठी ती जगभर बनतात. तेव्हा तीच वापरायची, असा तह झाला. तह म्हटला की कुरकुर आली. नऊ मिलिमीटरला 76 ने गुणलं तर येतात 684 मिलिमीटर, म्हणजे जवळजवळ दोन फूट तीन इंच. इंजिन किंचित फेंगडं दिसतं.

गंमत अशी, की दोन फूट तीन इंच या विचित्र मापाचे मार्ग खरोखरच आहेत. वेल्समधली टॅलिथिन रेल्वे, जी 1951 मध्ये स्वयंसेवकांनी चालवायला घेतली आणि जगातल्या जतन-चळवळीला वाट दाखवली, तिचं माप नेमकं हेच. शस्त्रागारांच्या अडीच फुटी रुळांवर चालणारी बॅग्युली-ड्रूरी कंपनीची डिझेल इंजिनं शस्त्रागारं बंद पडल्यावर विकली गेली, तेव्हा त्यांतलं एक टॅलिथिनने घेतलं, चाकं आत सरकवली आणि ज्या नौदल-भांडारातून ते आलं त्या गावाचंच, ट्रेकून हे नाव दिलं. बाकमन कंपनीने अलीकडे हे बॅग्युली-ड्रूरी तयार मॉडेल म्हणून बाजारात आणलं आहे. ते ‘ट्रेकून’ म्हणून रंगवलं की रुळांचं माप मिलिमीटरला मिलिमीटर जुळतं. काडीची तडजोड न करता काटेकोरपणाचं पुण्य पदरात!

आपल्याकडचं उदाहरण घ्यायचं तर बार्शी. एव्हरार्ड कॅलथ्रॉपची बार्शी लाईट रेल्वे 1897 मध्ये सुरू झाली ती अडीच फुटी, म्हणजे 762 मिलिमीटरची. जर्मनीत रूढ असलेल्या 1:87 या प्रमाणात ते अंतर पावणेनऊ मिलिमीटरला थोडं अधिक येतं. बार्शी, विदर्भातली शकुंतला किंवा नागपूर-छिंदवाड्याची गाडी करणाऱ्याने 1:87 धरलं तर नऊ मिलिमीटरचे रूळ जवळपास अचूक बसतात. माथेरान करणाऱ्याचे हाल व्हायचे ते होतातच.

हे नऊ मिलिमीटरचं वेड पसरवण्यात मोठा वाटा एका अल्पायुषी कंपनीचा. एडिंबरोचे पी. डी. हॅनकॉक त्याआधीपासून घरच्या घरी ‘क्रेग अँड मर्टनफर्ड’ नावाची काल्पनिक रेल्वे उभारून नियतकालिकांत त्याबद्दल लिहीत होते. पण त्यांच्याएवढा हात प्रत्येकाला कुठला? 1963 मध्ये म्युनिकच्या एगर-बान कंपनीने नऊ मिलिमीटरवर चालणारी तयार इंजिनं विकायला आणली, त्यांत शेतमळ्यांतल्या आणि बांधकामांवरच्या छोट्या डिझेलचंही मॉडेल होतं. कंपनी चारेक वर्षांत बुडाली आणि साचे फ्रान्सच्या जुएफकडे गेले. त्या इंजिनाच्या पोटातली यंत्रणा मात्र काढून, कापून, घासून शेकडो हातांनी आपापल्या घरी केलेल्या पत्र्याखाली बसवली. 1973 मध्ये ब्रिटनमध्ये या मापाला वाहिलेली ‘009 सोसायटी’ स्थापन झाली, तोवर ही खटपट म्हणजे रीतच होऊन बसली होती. आज एगरची जागा जपानच्या काटो कंपनीच्या छोट्या ट्रामगाडीच्या चेसिसने घेतली आहे. वेल्सच्या डोंगरातलं डिझेल उचलून पाहावं तर खाली जपानी ट्राम!

खरी परीक्षा चेसिसच्याही पुढे असते, आणि ती वजनाची. लांबी 76 पटीने कमी केली की वजन 76 गुणिले 76 गुणिले 76 इतक्या पटीने, म्हणजे चार लाख अडतीस हजारांहून अधिक पटीने कमी होतं. अडीच टनांचं सिम्प्लेक्स या हिशेबाने भरतं सहा ग्रॅमच्याही आत. पाच रुपयांच्या नाण्याहूनही हलकं. आता या नाण्याने चार चाकांवर उभं राहून रुळांतून वीज घ्यायची, धुळीचा कण आला तरी संपर्क तुटू द्यायचा नाही आणि वर वाघिणीही ओढायच्या. जमणं शक्य नाही. म्हणून मॉडेलवाला वजन भरत सुटतो. शिशाचा पत्रा कातरून बॉनेटच्या कोपऱ्यात कोंबायचा, टंगस्टनची पूड गोंदात कालवून चौकटीच्या पोकळीत ओतायची, टोकांचे ठोकळे प्लास्टिकऐवजी धातूचे ओतून घ्यायचे. हे करताना हळूहळू लक्षात येतं, की बेडफर्डच्या कारागिरांनीही तेच केलं होतं. खऱ्या सिम्प्लेक्सच्या दोन्ही टोकांचे ते बिडाचे ठोकळे शोभेचे नाहीत. इंजिन हलकं, चाकं घसरणार, म्हणून टाकलेलं ते निव्वळ वजन आहे.

जर्मनीच्या बुश कंपनीने यातून वेगळीच पळवाट काढली. तिची शेत-रेल्वेची मॉडेलं साडेसहा मिलिमीटरच्या रुळांवर चालतात, इंजिनं बोटाच्या पेराएवढी. त्यांच्या पोटात चुंबक बसवला आहे आणि रुळांखाली लोखंडाची पट्टी. इंजिन हलकं असूनही रुळांना चिकटून राहतं. जुने जाणते याला फसवाफसवी म्हणतात. पण चढावर घसरणारं स्वतःचं इंजिन शंभराव्यांदा बोटाने ढकलताना त्यांच्याही मनात चुंबक येत असणार.

मग मोटर. मोबाइल फोनमध्ये थरथराट करणारी असते त्या जातकुळीची, सहा-सात मिलिमीटर जाडीची, मिनिटाला हजारो फेरे घेणारी. खरं सिम्प्लेक्स ताशी आठ-दहा किलोमीटरने चालायचं. टेबलावर ते सेकंदाला साडेतीन सेंटिमीटर झालं. मोटरचा तो पिसाटपणा या चालीवर आणायला वर्म गिअर आणि त्याच्यापाठी आणखी दातेरी चाकांची रांग लावावी लागते. प्रत्येक चाकाचा दाता केसाएवढा. एक जरी वाकडा बसला तर इंजिन दमेकऱ्यासारखं चालतं. आसावर पितळेचं फ्लायव्हील मावलं तर उत्तम, म्हणजे क्षणभर वीज तुटली तरी ते स्वतःच्या वेगाने पुढचा मिलिमीटर ओलांडतं. अलीकडे त्या कामाला चिमुकले कपॅसिटर वापरतात. ते इंजिनात मावले नाहीत तर मागच्या वाघिणीत खोट्या वाळूखाली पुरायचे आणि दोन तारा कपलिंगमधून पुढे न्यायच्या.

वरचा देखावा त्या मानाने सोपा झाला आहे. पूर्वी पितळी पत्र्यावर आम्लाने कोरलेले भाग घडीव कागदासारखे दुमडून डाग द्यावे लागत. डाग जरा जास्त तापला की तासाभरापूर्वी बसवलेली पायरी गळून पडलीच. आता रेझिनचं छपाई-यंत्र घरात येतं आणि पाच शतांश मिलिमीटरच्या थरांनी बॉनेट छापून देतं. तो थर खऱ्या मापात पावणेचार मिलिमीटर होतो, म्हणजे बोल्टचं डोकं स्पष्ट उठतं. पण यंत्राला चित्र कोण देणार? तिथे पुन्हा फूटपट्टी, वही आणि चिखलाने भरलेले बूट.

सिम्प्लेक्सचे कारखान्यातले आराखडे मिळतातही. मात्र आराखड्यावर विसंबला तो फसला. वाळूच्या खाणीतलं इंजिन चाळीस वर्षांत किती हातांतून गेलेलं असतं! एकाच्या चौकटीला रुळाचा तुकडा जोडलेला, दुसऱ्याचं छप्पर कुठल्याशा शेडच्या पन्हाळी पत्र्याचं, तिसऱ्याचा रेडिएटर भलत्याच इंजिनाचा. एका ड्रायव्हरने पावसासाठी फळ्या ठोकल्या, पुढच्याने थंडीत जाळल्या. म्हणून जाणकार आधी विचारतो, कुठल्या साली? 1917 चं सिम्प्लेक्स वेगळं, तेच इंजिन 1955 मध्ये वेगळं. सनाचा पत्ता नसलेली प्रतिकृती ही त्याच्या लेखी खेळणं.

रंगकामात मात्र कारागिरी आणि पोरकटपणा हातात हात घालून चालतात. आधी गंजाचा तपकिरी रंग, त्यावर केसांना मारतात तो स्प्रे, त्यावर वरचा हिरवा. मग ओल्या ब्रशने कोपरे चोळले की स्प्रे विरघळतो, हिरव्याचे टवके उडतात आणि खालचा गंज डोकावतो. ड्रायव्हरच्या बुटांनी घासून उघडी पडलेली पायरी दाखवायला शिसपेन्सिलीची पूड बोटाने चोळतात. डिझेल भरताना नेहमी सांडतं, म्हणून टाकीच्या झाकणाखाली तेलकट ओघळ हवाच, आणि त्या ओघळाला धूळ चिकटलेली हवी. प्रदर्शनात जुन्या ड्रायव्हरांची नजर आधी जाते ती या ओघळाकडे. ओघळ झाकणाच्या चुकीच्या बाजूला असेल तर ते हसतात आणि पुढच्या टेबलाकडे जातात.

आपल्याकडे या हौसेचा सगळ्यात मोठा दरबार पुण्यात कोथरूडला आहे. भाऊसाहेब जोशी यांनी आयुष्यभर जमवलेल्या छोट्या रेल्वेचं संग्रहालय 1 एप्रिल 1998 रोजी लोकांसाठी खुलं झालं, आणि पुण्यातली कित्येक पोरं त्या काचेला नाक लावून मोठी झाली. तिथला थाट युरोपीय शहराचा. नॅरोगेजच्या खऱ्या इंजिनांसाठी नागपूरला जायचं. तिथे कामठी रस्त्यावर मोतीबागेत, जिथे एकेकाळी नॅरोगेजची शेड होती, 2002 मध्ये संग्रहालय झालं.

नॅरोगेज डिझेलच्या अंगावर अक्षरं असतात, तीही वाचायला शिकायला हवीत. ‘झेडडीएम’मधला झेड म्हणजे अडीच फुटी मार्ग, डी म्हणजे डिझेल, एम म्हणजे माल आणि प्रवासी दोन्ही ओढणारं. दोन फुटी असेल तर झेडऐवजी एन. विदर्भातल्या शकुंतलेचं 1921 साली मँचेस्टरला बनलेलं वाफेचं इंजिन 15 एप्रिल 1994 रोजी निवृत्त झालं आणि डिझेल आलं. त्या वाफेच्या इंजिनाची ओळख गावागावाला होती. त्याच्यानंतर त्याच रुळांवर तीच माणसं नेणाऱ्या डिझेलचा नंबर कुणाला आठवतो?

माथेरानचं पहिलं डिझेल एनडीएम-1. जर्मनीच्या आर्नोल्ड युंग कारखान्यात 1950 च्या दशकात बनलेलं. मध्ये ड्रायव्हरची केबिन, दोन्ही अंगांना बॉनेट, आणि घाटातल्या वळणांवर वाकता यावं म्हणून अंगातच सांधा. अशा इंजिनाची प्रतिकृती म्हणजे एकाच कवचात दोन सिम्प्लेक्स बसवण्याची शिक्षा: दोन मोटर नाहीतर एका मोटरपासून दोन्हीकडे दांडे, आणि सांधा वळताना तारा तुटता कामा नयेत. चढ 1:20 चा, तोही मॉडेलला झेपायला कठीण. वीस सेंटिमीटर पुढे गेलं की एक सेंटिमीटर वर.

वळणांची गंमत मात्र वेगळी. मॉडेल रेल्वेच्या पेटीतून जे आखूड गोल रूळ मिळतात, त्यांची त्रिज्या साधारण 23 सेंटिमीटर असते. इतकं आखूड वळण खऱ्या रेल्वेत असूच शकत नाही, हे खेळण्यातलं आहे, म्हणून काटेकोर मंडळी ते रूळ फेकून देतात. दार्जिलिंगच्या दोन फुटी रेल्वेवर ‘ॲगोनी पॉइंट’ नावाचं वळण आहे, त्याची त्रिज्या सुमारे 18 मीटर. तिला 76 ने भागलं तर येतात 24 सेंटिमीटर. माथेरानच्या घाटाचीही जात तीच. जगभरच्या मॉडेलवाल्यांनी खोटं म्हणून टाकलेलं वळण आपल्या डोंगरात खऱ्या रुळांचं, खऱ्या माणसांनी भरलेल्या गाडीचं आहे, आणि पेटीतल्या स्वस्त रुळांवर केलेलं माथेरान हेच, वळणांपुरतं तरी, सर्वात अचूक माथेरान ठरतं.

राहता राहिली मापं. युंगचं इंजिन समोर उभं करून मोजता आलं नाही तर फोटोतून माप काढायची रीत आहे. रुळांमधलं अंतर 610 मिलिमीटर हे पक्कं ठाऊक असतं. फोटो समोरून काढलेला असेल तर तेच अंतर पट्टी म्हणून वापरून बॉनेटची रुंदी, दिव्याचा व्यास, काचेची उंची काढता येते. बाजूने काढलेला असेल तर पट्टी दुसरी शोधावी लागते. आणि असे फोटो सरकारी दप्तरांपेक्षा जास्त आहेत ते मराठी घरांच्या कपाटांत. माथेरानला जाऊन आलेल्या घरात अल्बमच्या एखाद्या पानावर नेरळचा फलाट असतोच: स्वेटर घातलेली मुलं, थर्मास, कडेला उभे आजोबा. गाडी निघायच्या घाईत काढलेल्या अशा फोटोत डिझेल अर्धंच येतं, एक बॉनेट आणि केबिनची एक खिडकी, बाकीचं चौकटीबाहेर. पण आजोबा पायापासून टोपीपर्यंत पुरते आलेले असतात, अगदी इंजिनाला टेकून. तेव्हा असा अल्बम एखाद्या मॉडेलवाल्याच्या हाती पडला, तर तो इंजिनाबद्दल काही विचारणार नाही. तो विचारेल, तुमचे आजोबा नेमके किती उंच होते, आणि टोपी धरून की टोपीशिवाय?